विद्युत् चलित अतिहलके मोटर-ग्लायडर

विद्युत् चलित अतिहलके मोटर-ग्लायडर : स्वतःच्या विद्युत् चलित्राच्या (मोटरीच्या) साहाय्याने जमिनीवरून उड्डाण करून काही उंची गाठणारे आणि नंतर चलित्र बंद करून वातावरणातील ऊर्ध्व प्रवाहांच्या आधारे तरंगत राहणारे, वजनाने अत्यंत हलके, एक किंवा दोन आसनांचे विमान. साध्या ग्लायडरला हवेत चढविण्यासाठी जमिनीवरील विंच (तारदोर वेगाने गुंडाळणारे यंत्र) किंवा ओढून नेणारे दुसरे विमान लागते. मोटर-ग्लायडरला यांपैकी कशाचीच गरज नसते. ‘अतिहलके’ या शब्दाची मर्यादा देशोदेशी वेगवेगळी आहे. अमेरिकेच्या १९८२ च्या नियमांप्रमाणे अशा शक्तिचलित विमानाचे रिकामे वजन सु. ११५ किग्रॅ.पेक्षा कमी असावे लागते, तर यूरोपात एकासनी विमानाचे उड्डाणसमयीचे एकूण वस्तुमान ३०० किग्रॅ.पर्यंत ठेवण्याची मर्यादा दीर्घकाळ रूढ होती. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या प्रकारचे विमान डोळ्यांसमोर ठेवून विवेचन केले आहे.

इतिहास : मनुष्यास घेऊन विजेच्या बळावर उडालेले पहिले विमान हे मोटर-ग्लायडरच होते, ही गोष्ट योगायोगाची नाही. फ्रेड मिलित्स्की यांच्या कल्पनेनुसार ब्रडिच्का या ऑस्ट्रियन कारखान्याच्या एचबी-३ या मोटर-ग्लायडरमधील पेट्रोल एंजिन काढून त्या जागी विद्युत् चलित्र व निकेल-कॅडमियम विद्युत् घटमाला बसविण्यात आली. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी हायनो ब्रडिच्का यांनी ऑस्ट्रियातील व्हेल्स येथे त्याचे उड्डाण केले. ते पाव तासाच्या आत संपले. १९७९ मध्ये अमेरिकेत लॅरी मॉरो यांनी सौर घटांनी प्रभारित केलेल्या घटमालेवर एका द्विपंखी हँग-ग्लायडरचे अल्प उड्डाण केले. त्यानंतर जवळजवळ दोन दशके या विषयात फारशी व्यावहारिक प्रगती झाली नाही. उणीव होती ती चलित्रांची नव्हे, तर चांगल्या घटमालेची. लिथियम-आयन घट उपलब्ध झाल्यावर मात्र चित्र पालटले. जर्मनीतील २० मी. पंखविस्ताराच्या ‘अंटारेस २०-ई’ या ग्लायडरला २००६ साली यूरोपीय प्रकार-प्रमाणपत्र मिळाले. स्लोव्हेनियात ‘टॉरस इलेक्ट्रो’ हे द्विआसनी ग्लायडर २००७ मध्ये प्रथम उडाले आणि त्याच देशात ग्लायडरच्या नाकावर घडीचा पंखा बसविण्याची पद्धतीही विकसित झाली. ‘सायलेंट-२ इलेक्ट्रो’ या सु. साडेतेरा मी. पंखविस्ताराच्या इटालियन अतिहलक्या ग्लायडरने ती स्वीकारली आहे. त्याच्या घटमालेची क्षमता जेमतेम ४ किलोवॉट-तासांच्या आसपास आहे.

महाराष्ट्रात ग्लायडिंगचा परिचय मुख्यतः पुण्याजवळील हडपसर येथील केंद्रामुळे झाला. हे केंद्र १९५० च्या सुमारास सुरू झाले. तेथे व देशातील इतर क्लबांत जी भारतीय बनावटीची ग्लायडर वापरली गेली, ती नागरी विमानवाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने अभिकल्पित केलेली होती. त्यांची नावे आपल्याकडच्या पंचांगातून घेतलेली आहेत : अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. एस्. राममृतम् यांनी अभिकल्पित केलेले व १९६१ साली प्रथम उडालेले ‘रोहिणी’ हे लाकूड व कापड यांचे, शेजारी-शेजारी आसने असलेले ग्लायडर यांत सर्वांत यशस्वी ठरले. ‘रेवती’ हे शेवटच्या नक्षत्राचे नाव १९६७ मध्ये एका एंजिनचलित विमानाला देण्यात आले. याच खात्याने १९८३ मध्ये ‘एमजी-१’ हे देशातील पहिले मोटर-ग्लायडर उडविले. परंतु ते एकच तयार झाले. त्याचे एंजिन अर्थातच पेट्रोलवर चालणारे होते. भारतात विद्युत् मोटर-ग्लायडरचे नियमित उत्पादन झालेले नाही. मे २०२५ मध्ये घोषित झालेले ‘ई-हंसा’ हे बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे विद्युत् विमान प्रशिक्षणासाठी आहे, ग्लायडर नव्हे.

हडपसरच्या मैदानाभोवती एके काळी शेते होती. आता ते वस्तीने वेढले गेले आहे. विंचच्या साहाय्याने ग्लायडर उडविण्यास सु. एक किमी. लांबीची मोकळी पट्टी, विंच, ती चालविणारा व पंखाचे टोक धरणारा असे मनुष्यबळ, आणि दोर तुटल्यास उतरता येईल अशी जागा लागते. महाराष्ट्रात तरंगण्यास उत्तम हवा असलेली ठिकाणे पुष्कळ आहेत, पण ही सामग्री एकत्र आलेली ठिकाणे फारच थोडी. उदा., नासिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील मोसम नदीकाठचे नामपूर. पश्चिमेस साल्हेर, मुल्हेर, मांगी-तुंगी यांच्या रांगा, उन्हाळ्यात तापणारी काळी रिकामी शेते आणि कोरडी हवा यांमुळे फेब्रुवारी ते मे या काळात तेथे दुपारी जोरदार ऊर्ध्व प्रवाह निर्माण होतात. घारी व गिधाडे यांचा उपयोग पूर्वापार करीत आली आहेत. तेथे ग्लायडिंगचे केंद्र नाही, विंच नाही, ओढणारे विमान नाही. अशा जागी स्वतःच्या बळावर चढणारे विमानच उपयोगी पडेल. म्हणून पुढील आकडेमोडीत समुद्रसपाटीवरील आदर्श हवेबरोबरच ५०० मी. उंचीवरील ४० से. तापमानाची हवाही विचारात घेतली आहे. बागलाणातील उन्हाळी दुपारचे ते ठोकळ चित्र होय.

अभिकल्प : या विमानाच्या अभिकल्पाचे मर्म ऊर्जेच्या हिशेबात आहे. एक किग्रॅ. पेट्रोलमध्ये सु. १२ किलोवॉट-तास इतकी रासायनिक ऊर्जा असते. एक किग्रॅ. लिथियम घटमालेत, पेटी, तारा व संरक्षक मंडले धरून, सु. ०.१५ किलोवॉट-तास ऊर्जा साठविता येते. म्हणजे प्रमाण ८० ला १ असे पडते. लहान पेट्रोल एंजिन या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा उपयोगी आणते व विद्युत् चलित्र सु. नऊ-दशांश, हे लक्षात घेतले तरी घटमाला वीसपटींहून अधिक मागे राहते. ३५ किग्रॅ. वजनाच्या घटमालेतील सर्व ऊर्जा (सु. ५.२५ किलोवॉट-तास, म्हणजे घरगुती वीज-देयकातील सव्वापाच युनिटे) सुमारे ६०० मिली. पेट्रोलमध्ये मावते. ज्याला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक इंधन घेऊन निघावयाचे आहे, त्याने वाहन कसे बनवावे, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चलित्रात नसून पंखात आहे.

एक ठोकळ उदाहरण घेऊ. सांगाडा, चलित्र व पंखा मिळून १४० किग्रॅ., घटमाला ३५ किग्रॅ., वैमानिक व त्याची हवाई छत्री ९५ किग्रॅ., असे एकूण २७० किग्रॅ. वस्तुमान आहे. पंखविस्तार १३ मी. व पंखांचे क्षेत्रफळ ११ चौ. मी. आहे. चलित्र बंद असताना हे विमान १ मी. खाली येईपर्यंत २५ मी. पुढे जाते असे मानू. यालाच तरंगण-गुणोत्तर २५ असे म्हणतात. ताशी ७५ किमी. वेगाने जाताना त्यास मागे खेचणारी हवेची प्रेरणा (ओढ) वजनाच्या पंचविसाव्या भागाइतकी, म्हणजे सु. १०६ न्यूटन असते. तीवर मात करून समतल उड्डाण चालू ठेवण्यास २.२ किलोवॉट, म्हणजे तीन अश्वशक्ती पुरेशी होते. पंखा, चलित्र, नियंत्रक व तारा यांतील ऱ्हास धरून एकूण कार्यक्षमता ६० टक्के मानल्यास घटमालेतून ३.७ किलोवॉट घ्यावे लागतात. बागलाणातील विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप साधारण याच तोलाचा असतो. माणसाला हवेत धरून ठेवण्यास एवढी थोडी शक्ती लागते, हे वाचकास प्रथम खरे वाटत नाही. परंतु गणित साधे आहे.

चढण्यास मात्र अधिक शक्ती लागते. सेकंदास २ मी. या वेगाने चढावयाचे तर वजन उचलण्यासाठी आणखी ५.३ किलोवॉट हवेत. मिळून ७.५ किलोवॉट, आणि घटमालेतून सु. १२.५ किलोवॉट. या वेगाने ६०० मी. उंची पाच मिनिटांत गाठता येते व त्यात सु. एक युनिट वीज खर्च होते. घटमाला कधीही पूर्ण रिकामी करू नये हा नियम पाळून तिच्यातील ८० टक्के ऊर्जाच वापरली, तर ४.२ युनिटे हाताशी असतात. त्यांतून अशा चार चढण्या होतात, अथवा एक चढण व त्यानंतर सु. ५० मिनिटे समतल उड्डाण होते. ऊर्ध्व प्रवाह मिळाला तर एका चढणीनंतर चलित्राची आवश्यकताच उरत नाही.

आता याच वजनाचे, पण उघड्या नळ्यांचा सांगाडा, आधारतारा व तिरके टेकू असलेले, नेहमीच्या धाटणीचे अतिहलके विमान घेतले तर काय होते ते पाहू. त्याचे तरंगण-गुणोत्तर ९ च्या आसपास असते. ताशी ६५ किमी. वेगालाही त्यास घटमालेतून सु. ९ किलोवॉट लागतात आणि एका चढणीनंतर ते विसाव्या मिनिटाच्या आतच खाली येते. उलट, तरंगण-गुणोत्तर २५ वरून ३५ वर नेले, तर घटमालेत एका घटाचीही भर न घालता समतल उड्डाणाचा काळ ५० वरून ७० मिनिटांच्या पुढे जातो. घटमाला दुप्पट (७० किग्रॅ.) केली, तर हा काळ सु. १०० मिनिटे होतो हे खरे. पण विमान ३०५ किग्रॅ. होऊन यूरोपीय मर्यादा ओलांडते, उतरण्याचा वेग सहा टक्क्यांनी वाढतो आणि चलित्र बंद ठेवून तरंगण्याच्या सर्व वेळात ते ओझे विनाकारण वाहावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते, जुन्या अतिहलक्या विमानावर विजेचे चलित्र बसवून पाहण्याचे जे प्रयोग अनेकदा होतात, त्यांतील बहुसंख्य येथेच फसतात. चांगले विद्युत् मोटर-ग्लायडर हे प्रथम चांगले ग्लायडर असले पाहिजे.

पंखांची रचना ही म्हणूनच सर्वांत खर्चाची बाब आहे. मंद वेगाने जाणाऱ्या विमानाच्या ओढीचा मोठा भाग पंखांच्या टोकांशी निर्माण होणाऱ्या भोवऱ्यांमुळे येतो. पंखविस्तार वाढविला की हा भाग झपाट्याने कमी होतो, पण त्याच वेळी पंखाच्या मुळाशी वाकविणारे परिबल वाढते. लाकडाच्या मुख्य तुळईने हे परिबल सहन करावयाचे म्हटले तर ती जाड व जड होते. कार्बन तंतूंच्या तुळईमुळे ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. घटमालेचा काही भाग पंखांतच ठेवल्यास (अंटारेसमध्ये तसे केले आहे) तिचे वजन पंखाच्या उत्थापक प्रेरणेविरुद्ध तेथल्या तेथे कार्य करते आणि मुळावरील ताण कमी होतो. मात्र विमान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळण्यास मंद होते. लहान विमानात घटमाला वैमानिकाच्या मागे, गुरुत्वमध्याजवळ ठेवण्याची पद्धत अधिक रूढ आहे. वैमानिक ६० किग्रॅ.चा असो वा ९० चा, गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे.

पंखा (प्रचालक) कोठे व केवढा बसवावा याविषयी मतभेद आहेत. हवेचा मोठा स्तंभ हळू मागे ढकलणे हे लहान स्तंभ जोराने ढकलण्यापेक्षा किफायतीचे असते. वरील उदाहरणातील चढणीस सु. ३६० न्यूटन रेटा लागतो. एक मी. व्यासाच्या पंख्याची सैद्धांतिक कार्यक्षमता या रेट्यास ७५ टक्के येते, तर दीड मी. व्यासाच्या पंख्याची ८६ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही याहून कमी भरतात, पण त्यांतील अंतर टिकून राहते. विद्युत् चलित्र मंद फेऱ्यांना पूर्ण परिबल देऊ शकत असल्याने मोठा पंखा दंतचक्रांशिवाय फिरविता येतो. पेट्रोल एंजिनाला ही सोय नाही. अडचण येते ती तरंगताना. उघडा राहिलेला थांबलेला पंखा ग्लायडरची सारी मेहनत वाया घालवितो. तो पाठीवरील खांबावर बसवून खांबासह धडात दुमडणे, किंवा नाकावर बसवून त्याची पाती धडाला चिकटतील अशी घडी घालणे, हे दोन प्रमुख उपाय आहेत. पहिल्यात मोठा व्यास मिळतो. पण खांब बाहेर आला आणि चलित्र सुरू झाले नाही तर विमान एकदम वेगाने खाली येऊ लागते. दुसऱ्यात व्यास बेताचा राहतो, परंतु चलित्र सुरू होवो न होवो, विमानाच्या वागणुकीत विशेष फरक पडत नाही. नवशिक्या वैमानिकास दुसरा प्रकार अधिक सुरक्षित होय.

उष्ण पठारावरील वर्तन : ५०० मी. उंचीवर ४० से. तापमानास हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित घनतेच्या ८७ टक्केच भरते. विरळ हवेत तेवढीच उत्थापक प्रेरणा मिळविण्यास विमानाला सात टक्के अधिक वेगाने जावे लागते व समतल उड्डाणाची शक्तीही तितकीच वाढते. या परिस्थितीत साध्या पेट्रोल एंजिनाची शक्ती सु. १५ टक्क्यांनी घटते, कारण ते हीच विरळ हवा आत घेते. विद्युत् चलित्राला श्वास घ्यावयाचा नसल्याने त्याची शक्ती घटत नाही. फक्त पंख्याचा रेटा थोडा कमी होतो. परिणामी उड्डाणापूर्वीची धाव विद्युत् विमानास सु. २० टक्क्यांनी, तर पेट्रोल विमानास सु. ३५ टक्क्यांनी लांबते. आखूड पट्टीवर हा फरक निर्णायक ठरू शकतो. दख्खनसारख्या प्रदेशात विजेच्या बाजूने असलेला हा सर्वांत सबळ मुद्दा असून त्याची दखल यूरोपीय लेखनात क्वचितच घेतलेली आढळते. थंड देशात त्याची निकड भासत नाही.

याच उष्णतेची दुसरी बाजू घटमालेला जाचक आहे. वरील पाच मिनिटांच्या चढणीत घटांच्या अंतर्गत रोधामुळे पाच टक्के ऊर्जेची उष्णता झाली, तर ३५ किग्रॅ.च्या घटमालेचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढते. यूरोपात २० से. पासून सुरुवात होत असल्याने ही वाढ नगण्य ठरते. बागलाणात ४० से. पासून सुरुवात होते, आणि विमान उन्हात उभे केले असेल तर धडाच्या आत याहूनही अधिक. लागोपाठ तीन चढण्या केल्यास घटमाला ५५ से. च्या पुढे जाते. बहुतेक लिथियम घटांची वापरमर्यादा ६० से. च्या आसपास असते आणि तिच्या पुष्कळ अलीकडेच त्यांचे आयुष्य झपाट्याने घटू लागते. म्हणून घटमालेच्या पेटीतून वाऱ्याचा मार्ग ठेवणे, ती सुटी काढून सावलीत नेता येईल अशी बसविणे आणि उतरल्याबरोबर, गरम असतानाच, प्रभारित न करणे या गोष्टी अभिकल्पातच अंतर्भूत केल्या पाहिजेत. प्रभारणास साध्या एककला जोडणीवर, ३ किलोवॉट मिळत असल्यास, दोन तासांच्या आसपास वेळ लागतो. ग्रामीण भागात दाब खाली-वर होतो व शेतीचा त्रिकला पुरवठा ठराविक तासांपुरताच असतो. प्रभारक निवडताना याचे भान ठेवावे लागते.

सुरक्षितता : लिथियम घट अंतर्गत मंडलसंक्षेपामुळे (शॉर्ट सर्किटमुळे) पेटला, तर त्याची उष्णता शेजारच्या घटाला पेटविते आणि ही साखळी पाण्याशिवाय सहसा थांबत नाही. २०१७ साली इंग्लंडमध्ये नाकावर पंखा असलेल्या एका विद्युत् ग्लायडरच्या घटमालेने उतरण्याच्या सुमारास पेट घेतला. वैमानिक सुखरूप बाहेर पडला. घटमाला वैमानिकाच्या पाठीशी असल्यास मध्ये अग्निरोधक पडदा हवा व तिच्यातील वायू धडाबाहेर सोडणारी वाट हवी. प्रत्येक घटाचा दाब व तापमान सतत मोजणारे मंडल तर अपरिहार्यच. तारा बारीक व हलक्या राहाव्यात म्हणून दाब शंभर व्होल्टच्या आसपास ठेवतात. हा एकदिश दाब प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे वैमानिकाच्या हाताशी संपूर्ण मंडल तोडणारा एक खटका असावा लागतो.

चलित्र सुरू होईलच असे गृहीत धरून कोणतेही ग्लायडर चालवीत नाहीत. ६०० मी. उंचीवरून २५ गुणोत्तराचे विमान शांत हवेत १५ किमी. जाते. वाऱ्याचा व खाली जाणाऱ्या प्रवाहांचा विचार करता यातील निम्मेच अंतर हिशेबात धरावे. तेवढ्या टप्प्यात उतरण्याजोगे शेत नेहमी दृष्टीस असले पाहिजे. मोसम खोऱ्यात रब्बीची काढणी झाल्यानंतर कांद्याची व गव्हाची शेते मोकळी होतात व त्यांवर मंद वेगाचे ग्लायडर सुखरूप उतरू शकते. द्राक्षबागांचे मांडव मात्र वरून हिरवी, सपाट शेते वाटतात आणि प्रत्यक्षात ते ताणलेल्या तारांचे जाळे असते. शेतांमधून गेलेल्या विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत. त्यांचे खांब शोधावे लागतात. अशा मुलखासाठी पंखांवर जोरकस हवाई रोधक असावेत, म्हणजे विमान तीव्र कोनात पण मंद वेगाने खाली आणता येते. संपूर्ण विमानालाच तोलणारी मोठी हवाई छत्रीही आता सर्रास बसवितात.

भारतात असे विमान बनविणाऱ्यास अमेरिकेतल्यासारखी नोंदणीविना उडण्याची मुभा नाही. नागर विमानन महानिदेशालयाकडे विमानाची नोंदणी व वैमानिकाचा परवाना या दोन्ही गोष्टी लागतात. नासिक जिल्ह्यात ओझर येथे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना व विमानतळ असल्याने, शिवाय देवळाली हे लष्करी ठाणे असल्याने, उड्डाणक्षेत्राची परवानगीही घ्यावी लागते. [⟶ ग्लायडर, विद्युत् घट, विमान].